अपंगत्व पेन्शनचा टक्का वाढेलही, पण पाच वर्षांत घरी आलेल्या जवानाचं काय?

राजपुरा (बऱ्हाणपूर), प्रतिनिधी : आठवा वेतन आयोग कामाला लागल्यापासून आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा आहे. डिसेबिलिटी किती वाढणार? फौजी मंडळी अपंगत्व पेन्शनला सरळ 'डिसेबिलिटी' म्हणतात. कोणी म्हणतो 30 चे 40 टक्के होणार, कोणी म्हणतो थेट 50. मागच्या आठवड्यात राजपुऱ्यातले एक निवृत्त हवालदार पीपीओची झेरॉक्स घेऊन घरी आले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही कॉमर्सवाले. हा 30 टक्के नेमका कशाचा, तेवढं समजावून द्या. बँकेत विचारलं तर ते स्पर्श पोर्टलकडे बोट दाखवतात."

हिशेब मांडायला बसलो आणि लक्षात आलं की ग्रुपवर जी मागणी फिरते आहे, ती ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या फार कामाची नाही.

आधी हिशेब. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी ज्याला घरी पाठवलं, त्याच्या पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवा भाग, तो शेवटच्या पगाराच्या निम्मा. दुसरा अपंगत्व भाग. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. पगार म्हणजे मूळ वेतन अधिक मिलिटरी सर्व्हिस पे. जवानाला हा सर्व्हिस पे 5,200 रुपये आहे. महागाई सवलत दोन्ही भागांवर वेगळी मिळते, ती इथे धरलेली नाही.

यात 'ब्रॉड बँडिंग' नावाची एक सोय आहे. मेडिकल बोर्डाने 50 टक्क्यांपेक्षा कमी लिहिलं तर हिशेबाला 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75, आणि 76 च्या पुढे पूर्ण 100. ही सोय 1996 पासूनची, पण सरकार ती फक्त अपंगत्वामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांना देत होतं. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांना ती मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने. मुदत पूर्ण केलेल्याला मात्र किमान 20 टक्के अपंगत्व लागतं. एकोणीस आलं की काही नाही.

आता दोन माणसं घ्या. दोघांचं अपंगत्व हिशेबाला 50 टक्के. पहिला हवालदार, 24 वर्षं नोकरी, मूळ वेतन 39,200. सर्व्हिस पे धरून 44,400. त्याचे 30 टक्के 13,320, त्याचे निम्मे 6,660 रुपये महिना. दुसरा शिपाई, पाच वर्षांत पाय गमावून घरी आलेला, मूळ वेतन 25,200. सर्व्हिस पे धरून 30,400. तीस टक्के 9,120, निम्मे 4,560.

म्हणजे ज्याची पूर्ण नोकरी झाली, पोरं शिकली, घर बांधून झालं, त्याला 6,660. आणि जो सव्वीस-सत्तावीसचा आहे, लग्न व्हायचंय, पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याच पायावर काढायची आहेत, त्याला 4,560. टक्का 30 चा 40 केला तर हवालदाराला 2,220 वाढतील, शिपायाला 1,520. अंतर कमी होत नाही, वाढतंच. त्याच हिशेबाने सव्वादोन लाख मूळ वेतन असलेल्या लेफ्टनंट जनरलला आज 50 टक्के अपंगत्वावर 33,750 बसतात.

हा मुद्दा नवा नाही. सातव्या वेतन आयोगाने पगाराशी असलेलं हे नातंच तोडायला सांगितलं होतं. शंभर टक्के अपंगत्वाला जवानांसाठी 12,000, जेसीओंना 17,000, अधिकाऱ्यांना 27,000 अशी ठोक रक्कम. सरकारने 30 सप्टेंबर 2016 ला ते मान्यही केलं. मग बराच गदारोळ झाला, आणि विरोधात दम होता. मुलकी कर्मचाऱ्यांना टक्केवारी तशीच ठेवली होती, फक्त फौजेला ठोक रक्कम. एकाच देशात दोन न्याय कसे? प्रकरण विसंगती समितीकडे गेलं आणि 2017 च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने टक्केवारी कायम ठेवली. सगळ्यांनी त्याला विजय म्हटलं.

पण आमच्या शिपायाचा हिशेब पुन्हा लावा. ठोक रकमेत 50 टक्के अपंगत्वाला त्याला 6,000 मिळाले असते, टक्केवारीत 4,560. दरमहा 1,440 रुपयांचा तोटा. हवालदार मात्र टक्केवारीत 660 रुपयांनी फायद्यात. वरच्या अधिकाऱ्याचा फायदा तर वीस हजारांच्या पुढे. वरच्यांचं नुकसान वाचवताना खालच्याचं काय झालं हे कोणी मोजलंच नाही, कारण पाच वर्षांत घरी आलेला पोरगा कुठल्या संघटनेचा पदाधिकारी नसतो.

म्हणून आयोगाकडे जाणाऱ्या निवेदनात माझ्या मते एक ओळ हवी : टक्केवारी ठेवा, पण खाली तळ बांधा. टक्केवारीने येणारी रक्कम आणि ठरवलेली किमान रक्कम, यांतली जी जास्त ती द्या. सातव्या आयोगाचे 12,000 हा तळ धरला, नव्या वेतनाप्रमाणे वाढवला, तर कोणाचं एक रुपयाने नुकसान नाही. आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत, मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये कार्यकक्षा मंजूर करताना सरकारने आयोगाला 18 महिने दिले आहेत. निवेदनं याच काळात पोचायला हवीत, अहवाल आल्यावर पुन्हा दहा वर्षं थांबावं लागतं.

युद्धात जखमी झालेल्यांचा हिशेब वेगळा, त्यात इथे खोल जात नाही. एवढंच, की तिथे शंभर टक्के अपंगत्वाला घरी पाठवलेल्याला पूर्ण पगाराएवढा भाग मिळतो आणि नोकरीत राहून नंतर निवृत्त झालेल्याला पगाराच्या 60 टक्के. गोळी लागली की वेगळं आणि ड्युटीवर गाडी उलटली की वेगळं. पाय दोन्हीकडे सारखाच जातो, पण हा फरक देशाने विचार करून ठेवलेला आहे आणि माझा त्याला विरोध नाही.

आता दुसरी गोष्ट, जी टक्क्याहून मोठी आहे. शून्याला 30 ने गुणा की 40 ने, उत्तर शून्यच.

मेडिकल बोर्डाच्या कागदावर शेवटी एक वाक्य असतं : हे अपंगत्व सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत त्याला 'नाना' म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. इथे नाना आला की अपंगत्व भाग गेला. हवालदारसाहेबांच्या ओळखीतल्या तिघांच्या कागदावर हा नाना आहे आणि तिघांनीही अपील केलेलं नाही. एकाला तर अपील असतं हेच माहीत नव्हतं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल 2 जुलै 2013 चा, धरमवीर सिंग यांचा. सिग्नल कोअरचा हा जवान 1985 मध्ये भरती झाला आणि फिट्स येऊ लागल्यामुळे 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्वावर घरी आला, पेन्शनविना. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून धडधाकट म्हणून घेतलं आणि कागदावर कुठलाही आजार लिहिला नाही. आता आजार सेवेमुळे नाही असं म्हणायचं असेल तर कारण तुम्ही द्या, जवानाने नाही. नोकरी सुटल्यापासून निकालापर्यंत 19 वर्षं गेली. एप्रिल 2025 मध्ये बिजेंदर सिंग यांच्या प्रकरणात, जे सियाचिनवर असताना आजारी पडले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा त्याच दिशेने निकाल दिला. ते नोकरीतून बाहेर पडले होते 1989 मध्ये.

सरकार हरतं आणि तरी पुढच्या कोर्टात जातं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती, खटले कमी कसे करायचे यावर. अपंगत्व पेन्शनच्या निकाली निघालेल्या मुद्द्यांवरची अपिलं मागे घ्या, असं समितीने सांगितलं. तरी दहा वर्षांनी, जुलै 2025 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाला केंद्राच्या जवळजवळ 300 याचिका एकदम फेटाळाव्या लागल्या. वकिलांची फी दोन्हीकडून गेली. सरकारची तुमच्या-आमच्या करातून, जवानाची त्याच्या पेन्शनीतून.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅगने 2023 च्या अहवालात दाखवलं की 2015-16 ते 2019-20 या काळात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के अपंगत्व पेन्शन घेऊन जात होते, जवानांमध्ये हे प्रमाण 15 ते 18 टक्के. त्यात रक्तदाब, मधुमेह अशी दुखणी बरीच. सरकारला शंका यायला जागा आहे, नाही असं नाही. पण शंका ज्या आकड्यामुळे आली तो अधिकाऱ्यांचा, आणि 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी जे नवे नियम आले ते सगळ्यांना सारखे लागू. नव्याने निवृत्त होणाऱ्यांनी जुने निकाल आपल्याला जसेच्या तसे लागू होतील असं धरून बसू नये.

आपल्या सीमेवरच्या लोकांची आणखी एक अडचण. रावेरचा जवान आणि राजपुऱ्याचा जवान एकाच रेजिमेंटमध्ये, घरात दोघं मराठीच बोलतात, बऱ्याचदा सोयरेही असतात. पण सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं तर निवृत्ताला राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येतं. रावेरवाल्याला मुंबई, राजपुऱ्यावाल्याला जबलपूर. दोघांनाही रात्रभराची गाडी. राज्य सरकारची मदतही ज्या राज्याचा रहिवासी दाखला त्या राज्याच्या नियमाने, म्हणून इच्छापूरच्या पलीकडच्या मेहुण्याला काय मिळालं हे ऐकून इकडे तेवढंच मागायला जाऊ नका. पेन्शन मात्र केंद्राची, ती दोन्हीकडे एकच. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे : महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पेन्शन मंजुरी प्रयागराजची. एका कागदासाठी चार गावं, आणि पत्रव्यवहार इंग्रजीत.

मी स्वतः एका नातेवाइकांसाठी अशा एका कार्यालयात तीन खेपा घातल्या आहेत. प्रत्येक खेपेला वेगळा माणूस आणि वेगळा कागद. शेवटी काम झालं ते मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत माहिती अधिकारात मागितल्यावर. त्या प्रतीत कारणाच्या रकान्यात जेमतेम एक ओळ होती, आणि अपील त्या एका ओळीवर उभं राहिलं.

तेव्हा ज्यांच्या कागदावर नाना आहे त्यांनी सुरुवात इथून करावी. मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय कागद आणि नाकारल्याचं पत्र, हे तीन कागद हातात घ्या. पहिलं अपील नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत अपेक्षित असतं, ते फेटाळलं तर दुसरं. उशीर झाला म्हणून हात वर करू नका. पेन्शन दर महिन्याला देय असल्यामुळे हक्क मरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या तरसेम सिंग निकालात म्हटलं. पण त्याच निकालात थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. या मुद्द्यावर नंतरही वाद झाले आहेत, तरी उशिराची किंमत जवानच भरतो एवढं खरं. वकिलाला पैसे नसतील तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 'वीर परिवार सहायता योजना' जुलै 2025 पासून आहे, सैनिक कल्याण मंडळांच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत मिळावी यासाठी. तिथे जाऊन नाव सांगून मागा, आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

अपंग जवान घरी बसून राहतो असं नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण घेऊन आले. पुण्याजवळ खडकीला अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्था पहिल्या महायुद्धापासूनची आहे. पण पेटकरांना पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं, आणि प्रत्येकाकडून पेटकर होण्याची अपेक्षा ठेवून पेन्शनचा हिशेब करता येत नाही.

राहिला अग्निवीर. आमच्याकडे आता भरतीला जाणारी सगळी पोरं अग्निवीरच. त्यांना अपंगत्व पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत : शंभर टक्क्यांना 44 लाख, पंचाहत्तरला 25 लाख, पन्नासला 15 लाख. त्याशिवाय चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी. आकडा मोठा दिसतो. पण पन्नास टक्केवाल्याने 15 लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला 8,750 रुपये व्याज येतं, आणि त्यावर महागाई सवलत नाही. वरच्या उदाहरणातल्या शिपायाला सेवा भाग 15,200 आणि अपंगत्व भाग 4,560 मिळून 19,760, वर महागाई सवलत, जन्मभर. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 अखेर आणि 2027 च्या सुरुवातीला भरतात.

हवालदारसाहेबांचा पुतण्या सध्या भरतीची तयारी करतो, पहाटे तापीच्या घाटावर धावायला जातो. पीपीओची घडी घालत ते म्हणाले, "माझं झालं भाऊ, 6,660 चं कोडं सुटलं. आता याच्या काकूला हे 8,750 चं काय सांगू?"