कोल्हापूरची शाही मेबॅक आणि आजोबांची फियाट: जुनी गाडी ‘व्हिंटेज’ कधी होते?

दसऱ्याची संध्याकाळ, कोल्हापूरचा दसरा चौक. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात. त्यानंतर सगळ्यांचे मोबाईल एकाच दिशेला वळतात, कारण तिथून येत असते छत्रपती घराण्याची मेबॅक. या गाडीतून शाहू छत्रपती आणि राजघराण्यातली मंडळी येतात, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटलं जातं. दरवर्षी रात्रीपर्यंत या गाडीचे रील्स राज्यभर फिरलेले असतात.

पण हे रील्स बघणाऱ्या अनेकांच्या मनात दुसराच प्रश्न असतो. समजा, उलव्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजोबांची 1970 सालची फियाट कव्हर घालून उभी आहे. ती पण ‘व्हिंटेज’ का? की तिला भंगारवालाच नेणार?

आधी मेबॅकचा विषय

मेबॅक ही जर्मन कंपनी. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांच्या नावाची. 1909 साली सुरू झाली ती झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवायला. मोटारी 1921 पासून आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात थांबल्या. तेवढ्या काळात बनलेल्या गाड्यांची संख्या दोन हजारांच्याही आत आहे. कोल्हापूरची मेबॅक त्यातलीच, राजाराम महाराजांच्या काळातली. हे राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव, 1922 ते 1940 कोल्हापूरच्या गादीवर होते.

म्हणजे ही गाडी नव्वदीच्या आसपास आहे. संस्थानं विलीन झाली, 1971 मध्ये तनखे बंद झाले, तरी गाडी घराण्यातच राहिली. महत्त्वाचं म्हणजे ती नुसती गॅरेजमध्ये बंद राहिली नाही. वर्षातून एकदा तरी ती सामान्य माणसाला रस्त्यावर, फुकटात बघायला मिळते.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ते थोडक्यात असे:

- पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते.
- चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत.
- वापर व्यावसायिक नसावा.
- नवीन नोंदणीला 20 हजार रुपये, पुनर्नोंदणीला 5 हजार. नोंदणी 10 वर्षांसाठी.
- नवीन नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

या नियमांत राजा किंवा सेलिब्रिटी असा शब्दच नाही. गाडी कोणाची होती, यापेक्षा ती किती जुनी आणि किती मूळ स्वरूपात आहे, हे बघितलं जातं. त्यामुळे आजोबांची 1970 ची फियाटही अर्ज करू शकते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण वापरात आहे. व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. म्हणजे उलव्यातून रविवारी संध्याकाळी सहज अटल सेतूवर चक्कर मारून येऊ, असं चालत नाही.

दुसरा रस्ता आहे साध्या नोंदणीचा. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी हे शुल्क 10 हजार रुपये झालं. हिशोब केला तर 10 वर्षांचा खर्च दोन्हीकडे साधारण 20 हजारच. त्यामुळे निर्णय पैशांपेक्षा, गाडी चालवायची आहे की जपायची आहे, यावर येतो.

पण पन्नाशी गाठणार कोण?

खरा मुद्दा इथे आहे. मुंबईची ओळख असलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. कुर्ल्यात बनलेली, लाखो लोकांना घरी सोडणारी काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हा किमान एक तरी जतन करा, अशी मागणीही झाली होती.

प्रदूषण आणि प्रवाशांची सुरक्षा बघता ही वयोमर्यादा चुकीची म्हणता येत नाही. पण 20 व्या वर्षी रस्त्यावरून उतरलेली टॅक्सी पन्नाशीपर्यंत पोहोचायची असेल, तर मधली 30 वर्षं तिला कोणीतरी सांभाळावं लागतं. त्यासाठी जागा लागते, सुटे भाग लागतात, मेकॅनिक लागतो. हे राजवाड्याला जमतं, उद्योगपतीला जमतं. टॅक्सीवाल्याला किंवा एकच पार्किंग असलेल्या कुटुंबाला ते जमणं अवघड आहे.

म्हणूनच आज व्हिंटेज रॅलीत राजांच्या आणि श्रीमंतांच्या गाड्या जास्त दिसतात. सामान्यांच्या गाड्या तिथवर पोहोचायच्या आधीच भंगारात गेलेल्या असतात. कोल्हापूरची मेबॅक टिकली, कारण घराण्याने ती जपली. पद्मिनीसारख्या गाड्यांना असं घराणं नाही. त्या जपायच्या तर सरकारी संग्रहालयांना पुढे यावं लागेल किंवा एखाद्या नातवाला आजोबांच्या गाडीवरचं कव्हर काढून आरसी बुक शोधावं लागेल.