मंत्रिपद दिले, मत नाकारले

एखाद्या विदुषीला मंत्रिमंडळात बसविले की स्त्रीजातीला न्याय मिळाला, असा डंका भांडवली वृत्तपत्रे पिटतात. तीच विदुषी शांततेसाठी बोलू लागली की, विज्ञानात राजकारण नको, असा उपदेश तीच वृत्तपत्रे करू लागतात. या दोन्ही सुरांमागचा वर्गस्वार्थ पाहावयाचा असेल, तर फ्रान्समधील इरेन जोलिओ-क्यूरी यांचे चरित्र पाहावे.

1934 च्या प्रारंभी इरेन व त्यांचे पती फ्रेडरिक यांनी ॲल्युमिनियमवर आल्फा कणांचा मारा करून कृत्रिम किरणोत्सर्ग साध्य केला आणि 1935 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. जून 1936 मध्ये लेआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने इरेन यांना वैज्ञानिक संशोधनाच्या उपमंत्री नेमले. अशा तीन स्त्रिया त्या सरकारात होत्या, आणि तिघींपैकी एकीलाही मताचा अधिकार नव्हता! जुलै 1936 मध्ये कनिष्ठ सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराला एकमुखाने मान्यता दिली. वरिष्ठ सभागृहाने तो प्रश्न विचारातही घेतला नाही. तेथे वर्चस्व असलेला रॅडिकल पक्ष आघाडीचाच घटक होता, हे झाकून ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला तो 1944 साली, फॅसिझमविरुद्धच्या लढ्यात त्यांनी रक्त सांडल्यानंतर.

तीनेक महिन्यांतच इरेन पदावरून दूर झाल्या. बाईंना कारभार झेपला नाही, असे म्हणणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की, पद अल्पकाळच सांभाळावयाचे हे आधीच ठरले होते. त्यांच्या जागी झाँ पेराँ आले, आणि त्या प्रयत्नांतूनच 1939 मध्ये राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र उभे राहिले.

खरी कसोटी युद्धानंतर लागली. पक्षाचे सदस्यत्व इरेन यांनी कधीच घेतले नाही. तरीही स्पेनमधील फॅसिस्टविरोधी निर्वासितांच्या साह्यार्थ त्या मार्च 1948 मध्ये अमेरिकेत उतरल्या, तेव्हा 'स्वतंत्र जगा'च्या त्या द्वारपालांनी नोबेल-विजेतीला एलिस बेटावर स्थानबद्ध केले. जानेवारी 1950 मध्ये कलकत्त्यात मेघनाद साहा यांच्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रेंच सरकारने फ्रेडरिक यांना अणुऊर्जा आयोगाच्या प्रमुखपदावरून काढून टाकले. सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धासाठी पुरोगामी शास्त्रज्ञ आपले ज्ञान देणार नाहीत, असे त्यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात ठणकावून सांगितले होते. पुढल्याच वर्षी इरेन यांचेही आयोगातील स्थान गेले. बॉम्ब बनविणे म्हणजे शुद्ध विज्ञान. बॉम्बला नकार देणे तेवढे राजकारण!

आणि पॅरिसची विज्ञान अकादमी? 1911 मध्ये तिने मारी क्यूरी यांना नाकारले होते. त्यांच्या कन्येची उमेदवारीही तिने एकाहून अधिक वेळा फेटाळली. 17 मार्च 1956 रोजी रक्ताच्या कर्करोगाने इरेन यांचा अंत झाला. आयुष्यभर अंगावर घेतलेल्या किरणांची ती किंमत होती. या अकादमीने पूर्ण सदस्य म्हणून पहिली स्त्री निवडली ती 1979 साली.