सोपे करा, पण तपासणी काढून नव्हे

गेल्या महिन्यात जबलपूरला गेलो असता तिलवारा घाटावर मावसभावाशी गप्पा झाल्या. त्याच्या कार्यालयातील नवे सॉफ्टवेअर सर्व्हरशी जोडणी करताना सारखे अडत होते. तंत्रज्ञाने सेटिंगमधील एक टिक काढली आणि काम सुरळीत झाले. "किती सोपे केले बघ!" तो म्हणाला. मला मात्र धक्का बसला.

टीएलएस जोडणीत दोन प्रश्न विचारले जातात. समोरच्याचे प्रमाणपत्र विश्वसनीय संस्थेने दिले आहे काय? आणि मला ज्याच्याशी बोलायचे आहे, त्याच्याच नावाचे ते आहे काय? दुसरा प्रश्न गाळला, तर स्वतःच्या संकेतस्थळाचे खरे प्रमाणपत्र बाळगणारा कोणीही भामटा मध्ये उभा राहू शकतो. पहारेकऱ्याने ओळखपत्रावरचा शिक्का पाहावा, पण नाव वाचू नये, तसेच हे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात जुनाच दोष दिसतो: तपासणीची कटकट एकाची, ती टाळल्याचे नुकसान दुसऱ्याचे. परंतु केवळ कर्मचाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. २०१२ साली टेक्सास व स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवून दिले की नामांकित कंपन्यांच्या प्रणालींतही ही तपासणी निकामी होती, आणि त्याचे मूळ गोंधळात टाकणाऱ्या रचनेत होते. कर्ल या लायब्ररीत नाव जुळवण्यासाठी २ हा अंक द्यावा लागे. प्रोग्रामर भाबडेपणाने 'ट्रू' लिहीत. त्याचा अर्थ १ होई, आणि १ म्हणजे प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढेच पाहणे! त्याच वर्षी कर्लने तो पर्याय बंद केला. याला म्हणतात सुलभीकरण. २०२३ च्या आरएफसी ९५२५ नेही जुन्या 'कॉमन नेम'चा आधार काढून टाकला. नाव पाहायचे ते एका ठरावीक जागीच. नियम कमी झाले, तपासणी कमी झाली नाही.

कोणी म्हणेल, नाव जुळूनही फसवणूक होतेच. खरे आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसीच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. तेथे पहिले कुलूपच तुटले होते. पण म्हणून दुसरेही काढून ठेवावे काय? उलट, त्यानंतर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रांवरचा विश्वास मोजक्या नावांपुरता मर्यादित केला. उपाय शेवटी नावावरच आला.

म्हणून शासकीय निविदांत स्पष्ट अट हवी: नावाची तपासणी मुळातच चालू असावी, आणि वापरात आलेल्या प्रणालीत ती बंद करण्याचे बटणच नसावे. चाचणीसाठी हवे तर चाचणी-सर्व्हरच्या नावाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे.

भावाने परत जाऊन चौकशी केली. सॉफ्टवेअर सर्व्हरला नावाने नव्हे, आयपी क्रमांकाने हाक मारीत होते. प्रमाणपत्रात मात्र फक्त नाव होते. सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी नाव लिहिले, टिक परत लावली, काम चालू. तपासणी आपले काम चोख करीत होती. चूक पत्त्यात होती. आपल्या प्रशासनात मात्र अडचण दाखवणाऱ्यालाच आधी हटवतात.