फुलंब्रीची विनोदी फिर्याद

सरकारी कचेरींत अर्ज देणें म्हणजे अंधाऱ्या आडांत दगड टाकून कान देऊन बसणें होय. दगड टाकला एवढें आपणांस ठाऊक असतें. पाण्याचा आवाज मात्र ऐकूं येत नाहीं. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘त्रुटी निघाली आहे’, ‘नस्ती वर गेली आहे’ या तीन उत्तरांवर कचेरीचा अर्धा कारभार चालतो. दुकानाच्या परवान्यासाठीं वा वारसाच्या नोंदीसाठीं ज्यांनीं हेलपाटे घातले असतील, त्या वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको.

या कारभारास एका गांवकऱ्यानें दिलेलें उत्तर आमच्या संभाजीनगर जिल्ह्यांतच, फुलंब्री येथें, लोकांनीं पाहिलें आहे. ता. ३१ मार्च २०२३ रोजीं गेवराई पायगा येथील सरपंच मंगेश साबळे गळ्यांत नोटांची माळ घालून पंचायत समितीच्या कचेरीसमोर उभे राहिले, आणि सुमारें दोन लाख रुपयांच्या नोटा त्यांनीं तेथें उधळल्या. रोजगार हमींतून शेतकऱ्यास चार लाखांची विहीर मिळावयाची. परंतु मंजुरीसाठीं पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. तो खरा कीं खोटा, हें ठरविणें चौकशीचें काम. त्यांत आम्ही पडत नाहीं. पण जें मेजाखालून मागतात असें त्यांचें म्हणणें, तेंच त्यांनीं भर उन्हांत उधळून दाखविलें, यांतील मर्म लहान पोरासही कळलें. लांच अंधारांतच पचते; उजेडांत तिचें हंसें होतें.

हंसून झाल्यावर मात्र एक प्रश्न उरतो. ज्याच्यापाशीं उधळावयास दोन लाख नाहींत, त्यानें काय उधळावें? मराठवाड्यांत विहीर ही चैन नव्हे. मृग कोरडा गेला म्हणजे तीच उभें पीक आणि दावणीचें जनावर राखते. ती मिळण्यासाठीं रस्त्यावर तमाशा करावा लागणें, ही राज्यकारभारास शोभा नव्हे.

वास्तविक कायदा अर्जदाराच्याच बाजूचा आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या दप्तर-दिरंगाईविषयक कायद्यानें कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्यापाशीं सामान्यतः कामाच्या सात दिवसांपेक्षां अधिक पडून राहूं नये असें ठरविलें, व बुद्ध्या दिरंगाई करणारास शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र केलें. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवांस मुदत घातली. ती चुकल्यास दोन अपिलें, त्यांवर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड. मग उणें कशाचें? उणें मागणाराचें.

म्हणून आम्ही दुसरी एक खोडी सुचवितों. तिला एक दमडी पडत नाहीं. कागदी घोडे नाचविण्याचा मक्ता कचेरीकडेच कां असावा? प्रत्येकानें अर्जाची तारखेसह पोंच घ्यावी. सात दिवस लोटले कीं सबंध आळीनें हात जोडून जावें, आणि ‘आमची नस्ती आज कोणाच्या मेजावर आहे?’ एवढेंच नम्रपणें विचारावें. उत्तर मिळेल तें तेथेंच लिहून घ्यावें, वाचून दाखवावें, आणि खालीं सही मागावी. आपलेंच हत्यार समोरून येतांना पाहून कोणत्या कारकुनास घाम फुटणार नाहीं?

आमच्या व्यापारी बंधूंस एक शब्द. ‘चहापाण्याचे’ म्हणून दिलेले पैसे वहींत ‘किरकोळ’ या नांवाखालीं घालून आपण मोकळे होतां. परंतु त्या किरकोळीच्या रकान्यांतच शेतकऱ्याच्या विहिरीचा भाव ठरत असतो. तो रकाना आधीं कोरा पडूं द्या. मग नोटांच्या माळा कोणास घालाव्या लागणार नाहींत.