काचेचे खांब

कल्याण-शीळ रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यास मोटारीची धडक बसली, म्हणजे त्याचे मस्तक पुष्कळदा पुढील काचेकडे फेकले जाते. काच तडकून आघाताचा काही अंश तरी सोसते. तिच्या दोन्ही बाजूंचे पोलादी खांब मात्र सहसा नमत नाहीत. नमावेत तरी कसे? मोटार उलटली असता आतील मंडळींचे प्राण तेच राखतात. आतल्यास तारक, तेच बाहेरच्यास मारक! स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने २०१२ साली ‘व्ही-४०’ मोटारीत यावर तोड काढली: धडकेसरशी फुगून काचेचा खालचा भाग व खांबांचे बुंधे झाकणारी हवेची पिशवी. खांब कठीणच राहिला. निदान तेवढ्या जागी स्पर्श मृदू झाला. मोटार घेताना बाहेरच्याच्या रक्षणाची सोय कोणती, हेही गृहस्थाने विचारावे, असे आम्हांस वाटते. मोटारीतून उतरताच आपण सारे पादचारीच असतो.