माऊसच्या बॉलला बदाम, आणि पंधरा वर्षांचं मराठी कचऱ्यात

आज सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फोटो आला. पिवळट पडलेला जुना माऊस उलटा ठेवलाय, खालचं गोल झाकण काढलेलं, शेजारी तो रबरी बॉल. वर ओळ, "हे काय आहे ते ओळखलंत तर तुमचं बालपण भारी होतं." खाली शेकड्यांनी लाल बदाम.

मीही एक बदाम दिला, खोटं कशाला बोलू. आणि मग स्वतःचाच राग आला, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी बदाम देऊन पुढे जावं, नाहीतरी आपण तेच करतो.

आधी माऊसबद्दल, कारण त्यावर माझंही प्रेम आहे. पॉइंटर अडखळायला लागला की माऊस उलटा करायचा, बाण असेल त्या दिशेने झाकण फिरवायचं, बॉल तळहातावर घ्यायचा. आत दोन बारीक रूळ, एकमेकांना काटकोनात. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. त्यांच्यावर हाताचा मळ आणि टेबलाची धूळ मिळून एक काळा पट्टा बसलेला असायचा. तो नखाने खरवडायचा, फुंकर मारायची, बॉल शर्टाला पुसून परत आत. झालं दुरुस्त. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचो आणि तासाला अर्धे माऊस बिनबॉलचे निघायचे, कारण आधीच्या तुकडीतल्या कुणीतरी ते खिशात घातलेले असायचे. वस्तू म्हणून तो माऊस वैतागच होता. प्रकाशावर चालणारा माऊस आला तेव्हा कुणीही रडलं नाही. पण तो उघडता यायचा आणि आत काय चाललंय ते सातवीतल्या पोराला कळायचं. बिघाडही आपला आणि दुरुस्तीही आपलीच.

इंटरनेटचंही तसंच होतं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सेवा सुरू केली, पण आमच्यासारख्यांपर्यंत ते पोचलं चारेक वर्षांनी. मोडेमची ती किंचाळी, मग आईची, "फोन अडकवून ठेवलाय म्हणून मावशीला लागत नाहीये!" आणि पानं तरी काय एकेक! पॉइंटरच्या मागे चमचमत्या चांदण्यांची शेपटी. एका पानावर तर पॉइंटरभोवती चालतं घड्याळ फिरायचं. पिवळ्या पाटीवर फावडं मारणारा माणूस, म्हणजे 'पानाचं काम चालू आहे'. ते काम वर्षानुवर्षं चालू असायचं. खाली आकडा, तुम्ही अमुकावे पाहुणे. एक वही, त्यात नाव-गाव लिहून जा. न्यू जर्सीत नोकरीला गेलेला कुणी हौशी माणूस आईच्या हातची अळूची भाजी, रामरक्षा आणि सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे फोटो एकाच पानावर लावायचा. मागे कर्कश गणपतीची आरती वाजायची, ती बंद कशी करायची ते कुणालाच ठाऊक नसायचं. तो माणूस त्या पानातून काही कमवत नव्हता. मी तिथे किती सेकंद थांबलो हेही कुणी मोजत नव्हतं. आकडा लावला होता तो मिरवायला.

तर हे सगळं आठवून डोळे पाणावतात. मला त्या पाणावण्याचाच आता कंटाळा आलाय.

कारण या आठवणींच्या पोस्टमध्ये एक सोयीस्कर खोटेपणा आहे. 'ते दिवस गेले' असं आपण म्हणतो, जणू पावसाळा गेला. ते दिवस आपोआप गेले नाहीत. कुणीतरी तारीख लावून, नोटीस देऊन ते बंद केले. जिओसिटीज ही लोकांच्या फुकट पानांची सगळ्यात मोठी वसाहत. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला पाडली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. फ्लॅश २०२० च्या शेवटच्या दिवशी बंद, त्यावर चालणारे खेळ आणि शुभेच्छापत्रं त्याच्याबरोबर. याहू ग्रुप्सही त्याच डिसेंबरात कायमचे बंद, आणि त्यांवरचे जुने संदेश तर त्याआधीच पुसून टाकलेले. ज्यांनी परदेशात मराठी मंडळं चालवली, गावाच्या नावाने ग्रुप काढले, कवितांवर महिनोन्महिने भांडले, त्यांची ती सगळी लिखापढी गेली. जिओसिटीजचं तरी काही स्वयंसेवकांनी रात्री जागून जवळजवळ एक टेराबाईट वाचवलं. आपल्याकडच्या ग्रुपांसाठी कोण जागलं?

आता यातली खास मराठी गंमत ऐका. गंमत कसली, लाज आहे.

१९९८ ते २००६-०७ या काळातलं नेटवरचं बरंचसं मराठी युनिकोडमध्ये नव्हतं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण ते वापरता येतील अशी यंत्रं आणि सवयी यायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. तोवर प्रत्येकाने आपापला फॉन्ट काढला. युक्ती साधी होती. आत साठवायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर चढवायचा मराठी चेहरा. फॉन्ट असेल तर 'नमस्कार' दिसणार, नसेल तर टक्क्याचं चिन्ह, दोन स्वल्पविराम आणि उलटंसुलटं काहीतरी. एका दैनिकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालायचा नाही. मग युनिकोड आलं, सगळ्यांनी नवी वेबसाइट बांधली आणि जुनी पानं जिथल्या तिथे सोडून दिली.

मी मध्यंतरी आमच्या तालुक्यातल्या एका पाणी आंदोलनाची २००१ सालची बातमी शोधत होतो. नाव घेत नाही, पण दैनिक मोठं आहे. पत्ता मृत. कार्यालयात फोन केला तर तिकडचा तरुण मुलगा अगदी सज्जनपणे म्हणाला, "सर, एवढं जुनं आमच्या सिस्टीमला नाही." एवढं जुनं! शेवटी जुन्या पानाची एक प्रत मिळाली. उघडली तर चार स्तंभ भरून चिन्हांची भेळ. बातमी डोळ्यासमोर होती आणि मला वाचता येत नव्हती.

मोडीबद्दल आपण हळहळतो. पेशवे दप्तरातले रुमाल वाचायला माणसं मिळत नाहीत म्हणतो. पण मोडी अनोळखी व्हायला काही पिढ्या लागल्या. आपण आपलं स्वतःचं लेखन वीस वर्षांत अनोळखी करून दाखवलं, तेही ते लिहिणारे जिवंत असताना. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यावरची कागदपत्रं गोळा केली, म्हणून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. त्यातले अनेक कागद लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने किरकोळच होते. माळा निदान कुणाच्या परवानगीशिवाय बंद होत नव्हता. सर्व्हरचं बिल थकलं की राजवाड्यांनी कुठे जायचं?

आणि आता ३ ऑक्टोबर २०२४ पासून आपण अभिजात आहोत. पेढे वाटले, फलक लागले. अभिजात दर्जासाठी दोन हजार वर्षांमागचे पुरावे काढले, नाणेघाटातला लेख काढला. छान केलं. तो लेख दगडात होता म्हणून सापडला. दोन हजार वर्षांपूर्वीचं दाखवता येतं आणि २००१ चं दाखवता येत नाही, अशी आपली अभिजातता आहे.

कायदा काय म्हणतो? १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. नंतर त्यात वर्तमानपत्रं आली. पण सगळी व्याख्या छापील वस्तूची. फालतू चोपडं छापलंत तर ते जपायची सोय कायद्यात आहे, आणि लाखो लोकांनी रोज वाचलेलं वेबपान जपायची नाही. डेन्मार्कने २००५ मध्ये आणि फ्रान्सने २००६ मध्ये वेबपानं आपल्या जपणुकीच्या कायद्यात घेतली, ब्रिटनने २०१३ मध्ये त्याचे नियम केले. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी हे सरकारी काम म्हणून अंगावर घेतलंय, हौसेवर सोडलेलं नाही.

कुणीतरी लगेच म्हणेल, इंटरनेट आर्काइव्ह आहे की! आहे, आणि त्यांचे पाय धुवून पाणी प्यावं असं काम आहे. पण ती अमेरिकेतली देणग्यांवर चालणारी संस्था आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हिंदी सिनेमांच्या चोरीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाने ती अख्खी साइट भारतात काही दिवस बंद झाली होती, विसरलात? आपल्या भाषेचं दप्तर दुसऱ्याच्या दानावर आणि एका आदेशाच्या धाकावर ठेवायचं का? शिवाय जगभरच गळती आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजलं, तर २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडेनात.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. सगळं जपू नये. ऑर्कुटवर मी कुणाला काय खरडलं होतं ते माझ्या मुलीच्या हाती न लागलेलंच बरं. खासगी ते खासगी राहो. मी बोलतोय ते जाहीर छापल्यासारख्या मजकुराबद्दल. बातम्या, लेख, दिवाळी अंक, मंडळांची पानं, पाककृती, किल्ल्यांच्या वाटा.

आणि हे अशक्य आहे असं सांगू नका. मायबोली १९९६ पासून चालू आहे, त्यावरचं जुनं हितगुज आजही वाचता येतं. ते काही माणसांनी चिकाटीने जपलं, त्यासाठी सरकारी समिती लागली नव्हती. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणंही जादू नाही. फॉन्ट हाती असेल तर कुठल्या चिन्हाखाली कुठलं अक्षर आहे याचा तक्ता करायचा, वेलांटीची जागा सांभाळायची, इतकंच. आपल्याकडे मराठी भाषा विभाग आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, पुण्यात सी-डॅक आहे. दैनिकांच्या मालकांना एका टेबलावर बसवा, जुन्या हार्ड डिस्क मागवा, फॉन्ट मागवा. अभिजात दर्जाच्या नावाने जो पैसा येईल त्यातला थोडा इकडे वळवा. संमेलनाच्या मांडवापेक्षा स्वस्तात होईल.

माऊसचीच गोष्ट बघा. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस हातात धरून पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. दीड तासाचं. माऊस त्यात जोडीला होता, मुख्य गोष्ट होती दूर बसलेल्या माणसांनी एकाच लिखाणावर मिळून काम करणं. त्याचं चित्रीकरण आजही घरबसल्या बघता येतं, कारण कुणीतरी ते नीट ठेवलं. १९६८ चं कॅलिफोर्निया मला दिसतं. २००१ चा माझा तालुका दिसत नाही.

आणि आपण काय करतोय? भाड्याच्या खोलीत बसून जुन्या वाड्याचे फोटो बघतोय. ही पोस्टसुद्धा त्याच खोलीतली. उद्या मालकाच्या मनात आलं तर हीही जाईल, आणि मग 'आठवतंय का ते निळं पान' म्हणून आपली पोरं बदाम देतील. माझा स्वतःचा ब्लॉग असाच एका फुकट सेवेबरोबर बुडाला. तीन महिन्यांची नोटीस आली होती, मी वाचली नाही. म्हणजे दोष नुसता सरकारचा आहे असं मी म्हणू शकत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या दैनिकांचे, साप्ताहिकांचे फॉन्ट कुठल्या सीडीवर, फ्लॉपीवर पडले असतील त्यांनी खाली लिहा. डीटीपीचं काम केलेली मंडळी इथे बरीच आहेत, तुमच्याकडे नक्की असणार. ती आंदोलनाची बातमी माझ्याकडे चिन्हांत आहे. सहा परिच्छेद आहेत, आणि तिसऱ्यात बहुतेक माझ्या काकांचं नाव आहे.