अर्ध्या कथेचा जमाखर्च

मनातील गुंता उकलण्यासाठी लेखन, चित्रकला, मातीकाम अशा माध्यमांचा आधार देणारे मार्गदर्शक आज शहरांतून दिसू लागले आहेत. ‘क्रिएटिव्ह कोचिंग’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. असा मार्गदर्शक उपदेश करीत नाही. तो प्रश्न विचारतो, शांतपणे ऐकतो आणि ज्याचे उत्तर त्यालाच शोधू देतो. हे नाव नवे असले, तरी त्यामागील विचार जैन समाजाला परका नाही.

कविवर बनारसीदासांनी इ. स. १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. त्या वेळी त्यांचे वय ५५ वर्षांचे होते. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी आपली कथा ‘अर्धी’ ठरविली. जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुळात जन्मलेल्या या व्यापाऱ्याने व्यापारातील खोट लपविली नाही. आग्र्यात हातात पैसा उरला नसताना कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवल्याचे त्यांनी मोकळेपणाने नोंदविले. तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य पुढे स्वतःच गोमतीत सोडून दिल्याचेही सांगितले. नऊ अपत्ये गमावल्याचे दुःखही त्यांनी झाकले नाही. अखेरीस आपले गुण आणि दोष यांची स्वतंत्र यादीच त्यांनी दिली. जमेची बाजू लिहिताना खर्चाची बाजू गाळली नाही.

याउलट आज अनेक कुटुंबांत धंद्यातील नुकसान, मुलांचे अपयश, भावाभावांतील दुरावा यांविषयी मौन पाळणे हीच प्रतिष्ठा समजली जाते. दुकानाचा ताळेबंद दरवर्षी तपासला जातो. मनाचा मात्र वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. न बोललेले दुःख मग चिडचिडीतून, निद्रानाशातून किंवा अबोल्यातून बाहेर पडते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांविषयी लिहिण्यास सांगितले. लिहिल्यानंतर लगेच त्यांचे मन अधिक जड झाले. तथापि ज्यांनी घटनेबरोबर आपल्या भावनाही लिहिल्या, त्यांना पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची गरज तुलनेने कमी भासली. मन हलके होण्यापूर्वी ते काही काळ जड होते, हे लिहिणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

जैन आचारात गुरूंसमोर दोष प्रांजळपणे मांडणे म्हणजे आलोचना. मार्गदर्शक हा गुरू नव्हे आणि वैद्यही नव्हे. दीर्घकाळ टिकणारे नैराश्य किंवा आत्मघाताचे विचार असतील, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. एरवीच्या ताणतणावांत मात्र प्रामाणिक श्रोता आणि कोरी वही यांचे साहाय्य थोडे नसते.

सामायिकाच्या ४८ मिनिटांनंतर आणखी १५ मिनिटे वहीसाठी राखून ठेवता येतील. अक्षर, वृत्त, अलंकार यांची चिंता नको. ते लेखन कोणाला दाखवायचे नसते. आज मन कोठे दुखावले आणि आपल्यामुळे कोणाचे दुखावले, एवढे दोनच प्रश्न आरंभाला पुरेत. पहिल्याचे उत्तर चटकन सुचते. दुसऱ्यापाशी लेखणी थबकते. तेथेच थोडे थांबून लिहावे.